कुजक्या लांकडाचीं कातीव भांडीं

लांकडाला बुरशी लागली कीं त्याची रवानगी चुलीकडे, आणि आतां चुली राहिल्या नाहींत म्हणून कचऱ्याच्या गाडीकडे, हा आपल्या घरांतील सर्वमान्य न्याय आहे. या महिन्यांत मी त्या न्यायाविरुद्ध अपील करणार आहे. माझें अशील म्हणजे आमच्या धरमपेठेंतील घराच्या परसांत दोन पावसाळे भिजत पडलेला अरौकेरियाचा एक ओंडका.

ज्याला आपल्याकडे सरसकट ‘ख्रिसमसचें झाड’ म्हणतात तेंच हें. लोक त्याला पाइन म्हणतात, पण खऱ्या पाइनच्या कुळाशीं त्याचा संबंध दूरचा. नॉर्फोक बेट आणि न्यू कॅलेडोनिया येथून त्याच्या दोन जाती जगभरच्या बागांत गेल्या, व पुष्कळदां एकीच्या नांवानें दुसरीच विकली जाते. न्यू कॅलेडोनियाच्या जातीची एक खोड मोठी मजेची आहे : ती विषुववृत्ताच्या दिशेनें कलते. २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं पांच खंडांतील झाडें मोजून ही गोष्ट प्रसिद्ध केली. आमचें झाडही दक्षिणेकडे झुकलेलें होतें, आणि त्याबद्दल आमचे आजोबा जन्मभर माळ्याला बोल लावीत आले. बिचारा माळी निर्दोष होता, हें कळावयास पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं!

तें झाड आजोबांनीं १९६४ सालीं स्वहस्तें लावलेलें. २०२२ च्या ज्येष्ठांत एका सायंकाळच्या वादळानें तें आडवें केलें. फांद्या गेल्या, बुंधा राहिला. पुढें घराचाही निर्णय झाला. जागा बांधकामास द्यावयाची आणि आम्हां चौघां भावांनीं चार निराळ्या बिऱ्हाडीं जावयाचें. त्या बोलण्याच्या वेळीं कागदपत्रें, कपाटें, देवघर, सर्वांच्या वांटण्या झाल्या. उठतां उठतां थोरल्या वहिनी म्हणाल्या, “भावजी, परसांतल्या त्या ओंडक्याचें तुमच्या यंत्रावर चौघांपुरतें कांहीं निघतें का, पाहा.” मला कातकामाचा नाद आहे हें त्यांना ठाऊक होतें, त्या कामाची अडचण मात्र ठाऊक नव्हती.

एक तुकडा घेऊन मी प्रथम लकडगंजांतील एका वृद्ध कातारी गृहस्थांकडे गेलों. पोळपाट-लाटणीं आणि पलंगाचे पाय कातण्यांत त्यांचें आयुष्य गेलेलें. त्यांनीं तुकडा हातांत घेतला, नखानें दाबला, आणि परत दिला. “हें लांकूड नव्हे जी, भुसा आहे. आणि वरून गांठी!”

त्यांचें म्हणणें निम्मे खरें होतें. पडलेल्या, ओल्या लांकडांत नाना जातींच्या बुरशी शिरतात. कांहीं केवळ पेशींतील साखर आणि पिष्ट खातात. त्यांच्यामुळें लांकूड निळसर-करडें दिसतें, परंतु त्याचें बळ फारसें कमी होत नाहीं. दुसऱ्या कांहीं मात्र लांकडाचा सांगाडाच पोखरतात, आणि मग खरोखरच भुसा उरतो. दोन वसाहती जेथें एकमेकींना भिडतात तेथें त्या आपापल्या हद्दीवर गडद रंगाची भिंत उभारतात. लांकूड चिरलें म्हणजे शाईनें ओढल्यासारखी जी काळी रेघ दिसते ती ही हद्द! इटलींत पंधराव्या शतकांतील जडावाचे कारागीर अशाच एका बुरशीनें हिरवें झालेलें लांकूड मुद्दाम शोधून पानांसाठीं वापरीत. अर्थात् प्रश्न इतकाच उरतो कीं रेघ उमटली आहे पण सांगाडा शाबूत आहे, असा क्षण कसा पकडावयाचा. लांकडांतील ओल सुमारें वीस टक्क्यांखालीं गेली कीं बुरशीची वाढ थांबते. म्हणून योग्य वेळीं लांकूड उचलून वाळत घालणें हीच युक्ति. आमच्या ओंडक्याचीं दोन्ही टोकें भुसा झालीं होतीं, मधला साडेतीन फूट भाग उत्तम होता.

गांठींचें म्हणाल तर अरौकेरियांत त्या वाटेल तेथें नसतात. या झाडाच्या फांद्या खोडाभोंवतीं एकाच पातळींत चक्राकार फुटतात. त्यामुळें खोडाचा गाभा जर खरादाच्या अक्षावर धरला, तर भांड्याच्या पोटाभोंवतीं गांठींचें एक कडें आपोआप येतें. हवाई बेटांतील रॉन केंट यांनीं याच लांकडाचीं, प्रकाश आरपार जाईल इतकीं पातळ पात्रें कातून मोठें नांव मिळविलें. तें नांव मी एका पुस्तकांत वाचलें नसतें तर लकडगंजाचा निकालच मीं शिरोधार्य मानला असता.

आपल्याकडे कातीव पोकळ वस्तु नवीन नाहींत. कुंकवाचे करंडे आपल्या आज्यांच्या फडताळांत होतेच. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्यासारख्या हलक्या लांकडाचीं फळें आणि खेळणीं करतात, तीं चितारआळींत आजही मिळतात. कातकामावर रंगीत लाखेची कांडी फिरत्या वस्तूवर दाबून घर्षणाच्या उष्णतेनेंच ती चढविण्याची आणि केवड्याच्या पातीनें चकाकी आणण्याची रीतही जुनी. विदर्भांतल्या घरांना बिज्याच्या लांकडाचे पेले परिचित आहेत. रात्रभर त्यांत ठेवलेलें पाणी सकाळीं रंगतें. त्या पाण्याच्या औषधी गुणांचा वाद वैद्यांवर सोंपवूं. परंतु हीं सर्व जाड अंगाचीं कामें. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढ्याच जाडीचें पोट ठेवावयाचें म्हटलें कीं नागपूरची हवा आडवी येते.

श्रावणांत येथें हवा इतकी दमट असते कीं घरांतील लांकूड आपल्या वजनाच्या पंधरा-सोळा टक्के ओल धरून राहतें; वैशाखांतील दुपारीं तीच ओल चार-पांच टक्क्यांवर येऊं पाहते. लांकूड आकसतांनाही सारखें आकसत नाहीं. वर्षवलयांच्या दिशेनें तें गाभ्याकडील दिशेच्या जवळजवळ दुप्पट आकसतें. गांठीचे तंतु तर आजूबाजूच्या तंतूंना काटकोनांत. म्हणजे एकाच भांड्यांत तीन मतांचे तीन बंधु नांदत असतात, आणि उन्हाळा आला कीं वाद सुरू!

पहिल्या भांड्यांत मीं उतावीळपणा केला. भाद्रपदांत ओलें लांकूडच थेट कातलें. पोट एक सूत केलें, पण बूड फुटेल या भीतीनें तें पाऊण इंच जाड ठेवलें. फाल्गुनांत पाहतों तों तोंड लंबगोल झालेलें, पण पोट अखंड. आणि बुडाला मात्र गाभ्यापासून तारा फुटावा तशी भेग. पातळ भाग वांकला आणि वांचला, जाड भाग अडून बसला आणि फुटला. माझी सारी सावधगिरी नेमकी चुकीच्या जागीं खर्च झाली होती.

पुढच्या तिघांना मीं घाई केली नाहीं. आधीं इंचभर जाडीचीं ओबडधोबड कातून, कातलेल्या शेवांत पुरून तीं पत्र्याच्या ट्रंकेंत ठेवलीं. दर रविवारीं सौभाग्यवतींच्या स्वयंपाकघरांतील वजनकाट्यावर त्यांचें वजन करीत असें. (पीठ मोजण्याच्या काट्यावर बुरशी नको म्हणून खालीं वर्तमानपत्र घालण्याचा हुकूम होता.) वजन घटावयाचें थांबलें तेव्हां, मार्गशीर्षांत, तीं पुन्हां खरादावर चढविलीं. मऊ पडलेल्या जागीं स्पिरिटांत पातळ विरघळविलेली चपडा लाख मुरवली, तेणेंकरून पटाशी तंतु उपटीत नाहीं. बाहेरचा आकार आधीं पुरा केला; मग मधोमध छिद्र पाडून, वांकड्या पटाशीनें अरुंद तोंडांतून आंत शिरलों. आंत कांहींच दिसत नाहीं. हाताला लागणारी थरथर आणि कानाला येणारा आवाज यांवरच विसंबावें लागतें. पोट पातळ होऊं लागलें कीं आवाजाची पट्टी चढते. शेवटीं खोलींत अंधार करून बाहेरून दिवा धरावा. जेथें उजेड जास्त पिंवळा, तेथें हात थांबवावा.

हा नाद कोणा तरुणास लागला तर दोन गोष्टी बजावून ठेवतों. बुरशीच्या लांकडाची धूळ छातीस अपायकारक आहे, तोंडावर चांगली जाळी बांधल्यावांचून कातूं नये. आणि असें लांकूड फिरतां फिरतां उडूं शकतें, म्हणून चेहऱ्यापुढें कवच हवेंच. शिवाय तयार भांड्यांत पाणी कधींही ठेवूं नये, व उन्हाळ्यांत तें कूलरच्या झोतापुढें मांडूं नये.

तिसऱ्या भांड्याच्या वेळीं मुलें भोंवतीं जमलीं होतीं. आंत दिवा सोडला तेव्हां सबंध पोट मधासारखें उजळलें, काळ्या रेघा त्यावर उमटल्या, आणि गांठींचें कडें निखाऱ्यांसारखें लाल दिसूं लागलें. थोरले बंधु, जे या उपद्व्यापाला ‘भंगार’ म्हणत आले, ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांनीं विचारलें, “फांद्या इथूनच फुटल्या होत्या का रे?”

चौथ्याची गांठ, शेवटचा हात फिरवीत असतां, गळून पडली. तिच्याभोंवतीं सालीचें वेष्टण होतें. तें मला आधीं दिसावयास हवें होतें. पोटाला आतां अंगठ्याएवढें भोंक आहे. तें टाकून द्यावें असें मी म्हणालों, तर वहिनींनीं तें उचलून आपल्या कपाटांत ठेवलें. पुन्हां मागूं नये, असेंही बजावलें.

ओंडक्याचा एक हातभर तुकडा अद्याप उरला आहे. त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावून तो मधल्या बंधूंच्या नव्या घराच्या गॅलरींत सावलीला ठेवला आहे. गेल्या रविवारीं तो चार किलो दोनशें ग्रॅम भरला, म्हणजे आठवड्यांत चाळीस ग्रॅम उतरला.