घातलेलं पाणी जातं कुठे?

मुलांनो, कुंडीत लिंबाचं झाड लावायचं म्हटलं, की सगळे विचारतात, "रोज पाणी किती घालायचं?" पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा. घातलेलं पाणी बाहेर कुठून जाणार?

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पडला होता, बरं का! हा मुलूख कमी पावसाचा. १८८५ च्या सुमारास इथे नीरा डावा कालवा आला. पाणी आलं, ऊस आला, पैसा आला. मग काही वर्षांतच काही शेतांवर पांढरा थर दिसू लागला. पिकं जळू लागली. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे या दोघा शास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच लिहिली.

असं का झालं? काळी माती पाणी धरून ठेवते. वरून भरपूर पाणी आणि खाली निचरा नाही. जमिनीतलं पाणी वर वर चढलं, आपल्याबरोबर क्षार घेऊन आलं. उन्हानं पाणी उडून गेलं. क्षार मात्र तिथेच राहिले!

आता तुमच्या कुंडीकडे बघा. कुंडी म्हणजे एक चिमुकलं शेतच की! आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. भोक बुजलेल्या कुंडीत ते रोज घातलं, तर क्षार साठत जातात. लिंबाला क्षार मुळीच सोसत नाहीत. पानांची टोकं करपतात, पानं गळतात. माती ओली असूनही मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. झाड तहानलेलं दिसतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. मग मुळं कुजतात. झाडाला मारतो तो आपला लाडच!

तर मग असं करा. दीड फूट खोल कुंडी किंवा जुनी बादली घ्या. तळाला चार-पाच भोकं हवीत. बादलीला भोकं पाडायचं काम मोठ्या माणसांकडे द्या हं! भोकांवर फुटक्या खापऱ्या ठेवा. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू असं मिश्रण भरा. नुसती काळी माती नको. रोपवाटिकेतून कागदी लिंबाचं रोप आणा. बी लावायचं असेल तर ते ताजं लावा. गंमत म्हणजे एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं उगवतात! पण बीच्या झाडाला फळं धरायला चार-पाच वर्षं तरी थांबावं लागतं. कुंडी मात्र भरपूर ऊन येईल अशा जागी ठेवा.

पाणी घालायच्या आधी मातीत बोट दोन पेरं खुपसा. ओल लागली तर आज सुट्टी! कोरडं लागलं तर तळातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून द्या, नाहीतर ते क्षार पुन्हा वर चढतील. पंधरा-वीस दिवसांतून एकदा जरा जास्त पाणी घालून माती धुऊन काढा. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच.

या आठवड्याचा उद्योग : दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत अर्धी वाटी बोअरचं पाणी आणि दुसरीत तेवढंच पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी ओता. दोन्ही उन्हात ठेवा. पाणी आटल्यावर कोणत्या ताटलीत पांढरा डाग जास्त दिसतो ते वहीत लिहा. चाखून मात्र बघू नका! आई-बाबांनो, घरी कूपनलिका असेल तर हा प्रयोग तुम्हीही जरूर बघा. शेत असेल तर माती आणि पाणी तपासूनही घ्या.

खारावलेल्या शेतात चर खणून किंवा जमिनीखाली भोकांचे पाइप टाकून निचरा करावा लागतो. तो खर्च मोठा, आणि जमीन सुधारायला वर्षं लागतात. तुमच्या कुंडीचं काम चार-पाच भोकांत होतं. तेवढी आज तपासाच!