हेमंतातील धूम : औषध की चैन?

हेमंत ऋतू हा बल आणि अग्नी यांच्या उत्कर्षाचा काळ म्हणून आपल्या संहितांनी गौरविला आहे. तथापि ग्रामीण भागात चिकित्सा-व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्याचा अनुभव असा की, याच ऋतूत कास, श्वास व प्रतिश्याय यांच्या रुग्णांनी दवाखाना भरून जातो. वाशीम जिल्ह्यातील रिठद व आसपासच्या गावांत हरभरा-गव्हाचे ओलित अनेकदा रात्री करावे लागते, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागल करावी लागते. शेकोटी, घोंगडी आणि बिडी हे या जागरणाचे सोबती. शहरातील सुखवस्तू वर्गात बिडीच्या जागी सिगार आली आहे, आणि थंडीच्या दीर्घ रात्री तिचा निवांत आस्वाद घेणे हे अभिरुचीचे लक्षण मानले जाते. वर्ग भिन्न, वस्तू भिन्न, किंमत तर फारच भिन्न. परंतु वैद्यापुढे बसल्यावर समर्थन मात्र एकच असते : "डॉक्टरसाहेब, तुमच्या आयुर्वेदातही धूमपान सांगितलेच आहे ना?"

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. तंबाखूरहित, वनौषधीयुक्त अशा नावाने विकल्या जाणाऱ्या सिगारेटींमुळे त्याला व्यापारी आधारही मिळाला आहे. म्हणून या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर वैद्यवर्गाने आणि औषधी विक्रेत्यांनी एकमुखाने दिले पाहिजे, या हेतूने पुढील विचार मांडीत आहे.

साम्य आहे, हे मान्य करावे

प्रथम रुग्णाच्या म्हणण्यातील तथ्य मोकळेपणाने मान्य करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात प्रायोगिक धूमवर्तीची जी कृती आली आहे, ती वाचताना कोणालाही सिगारची आठवण व्हावी. हरेणुका, प्रियंगु, चंदन, उशीर, एला, जटामांसी, गुग्गुळ, अगुरू, मुस्ता आदी द्रव्यांचा कल्क शरकांडीवर लेपावयाचा. वर्ती आठ अंगुळे लांब, अंगठ्याएवढी जाड आणि यवाप्रमाणे मध्ये फुगीर करावयाची. ती सुकल्यावर आतील काडी काढून, स्नेह लावून, धूमनेत्रात बसवून पेटवावयाची. आठ अंगुळे म्हणजे सुमारे पंधरा सेंटीमीटर. आकाराने ही सिगारच होय.

परंतु तिच्यात तंबाखू नाही, आणि असणे शक्यही नव्हते. ती वनस्पती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती दख्खनमध्ये आली. असद बेगाने विजापूरहून आणलेला तंबाखू अकबरापुढे ठेवला, तो सतराव्या शतकाच्या आरंभी. त्या वेळी दरबारच्या हकिमाने आक्षेप घेतला की, या द्रव्याविषयी आपल्या वैद्यकग्रंथांत काहीही लिहिलेले नाही. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने त्यावर मनाई केली, ती टिकली नाही. बृहत्त्रयीत तंबाखूचा उल्लेखही नाही. योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथात तो प्रवेश करतो. तेव्हा चरकाच्या नावाने तंबाखूचे समर्थन करणे हा काळाचा सरळसरळ विपर्यास आहे.

भेद कोठे आहे?

द्रव्याइतकाच मोठा भेद विधीत आहे. चरकाने धूमपानाचे आठ काळ सांगितले आहेत. स्नान, भोजन, शिंक, दंतधावन, नस्य, अंजन, निद्रा इत्यादींनंतरचे हे काळ असून, त्या वेळी वात व कफ यांचा उत्क्लेश होतो हे त्यामागील कारण होय. मात्र काळ आठ असले तरी प्रायोगिक धूम दिवसातून फार तर दोनदा, स्नैहिक एकदा आणि वैरेचनिक तीन-चार वेळा, अशी मर्यादा घातलेली आहे. प्रायोगिक धूमासाठी नेत्र छत्तीस अंगुळांचे, म्हणजे दोन फुटांहून लांब आणि तीन कोषांचे असावे. दूरवरून येणारा, पर्वांमध्ये अडलेला व नाडीतून विरळ झालेला धूम इंद्रियांना बाधत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण आचार्यांनीच दिले आहे. धूम तप्त व दाट असतो आणि म्हणून अपायकारक असतो, ही जाणीव त्यांना पूर्णपणे होती, हेच यावरून दिसते.

नासेने घेतलेला असो वा मुखाने, धूम मुखावाटेच सोडावा, कारण नासेने सोडलेला धूम नेत्रांना घातक ठरतो, हा नियम आपणा सर्वांस ज्ञात आहे. वाग्भटाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूम निषिद्ध मानला आहे. गर्भिणी, रक्तपित्ती, क्षतक्षीण, तृषार्त, श्रान्त, जागरण केलेला, मद्य घेतलेला, अशी वर्ज्य व्यक्तींची यादी दीर्घ आहे. या यादीत जागरण आणि श्रम हे दोन्ही असावेत, हे विशेष लक्षणीय वाटते. रात्रभर ओलित करून थकलेला शेतकरी ज्या क्षणी बिडी पेटवतो, तो क्षण शास्त्रदृष्ट्या धूमाला वर्ज्य आहे. आणि मद्याच्या पेल्यासोबत सिगार ओढणाऱ्यालाही तोच निषेध लागू पडतो.

अकाली वा अतिमात्र धूमाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त व शिरोभ्रम हे उपद्रव सांगून त्यांवर घृतपान, नस्य, अंजन व तर्पण ही चिकित्साही तेथेच दिली आहे. ज्या कर्माचे उपद्रव व उपचार सांगावे लागतात, ते सहज सुखासाठी करावयाचे नसते, हे वैद्याला सांगणे नलगे.

ऋतूचे साक्ष्य

आता मुख्य मुद्दा. थंडीसाठी धूम, ही कल्पना ऋतुचर्येला मान्य आहे काय?

चरकाची हेमंतचर्या पाहावी. स्निग्ध, अम्ल व लवण रसांचा आहार, अभ्यंग, उत्सादन, जेंताक स्वेद, आतप, उष्ण गर्भगृह, जाड प्रावरणे, अगुरूचा लेप यांचा तेथे आवर्जून निर्देश आहे, धूमपानाचा नाही. धूमाचे नाव येते ते वसंतचर्येत, व्यायाम, उद्वर्तन, कवलग्रह व अंजन यांच्या सोबत. कारण उघड आहे. हेमंत-शिशिरात संचित झालेला कफ वसंतातील सूर्यसंतापाने द्रवरूप होतो, आणि ऊर्ध्वजत्रुगत कफाचे निर्हरण हे धूमाचे कार्य आहे. वाग्भटाच्या हेमंतचर्येत धूम आहे, परंतु तो बाहेरचा : केशर-कस्तुरीचा लेप करून अगुरूने अंग धूपित करावे. थोडक्यात, हेमंतात धूपन आणि वसंतात धूमपान, अशी ही व्यवस्था आहे.

नित्य दिनचर्येतही धूमाचा समावेश आहे, मग हेमंतात तो कसा वगळता येईल, असा आक्षेप कोणी अभ्यासक घेईल. तो योग्यच आहे. स्वस्थवृत्तातील प्रायोगिक धूम बारमाही आहे, त्यास हेमंताचा निषेध नाही. परंतु उबेसाठी वा शीतनिवारणासाठी धूम घ्यावा, असा विधी निदान या ऋतुचर्यांत तरी सापडत नाही. समर्थन करणाऱ्यांना हवा असतो तो नेमका हाच आधार, आणि तोच तेथे नाही.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही याला दुजोरा देते. निकोटिनमुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात. बिडी ओढल्यावर बोटे उबदार वाटली तरी त्यांचे तापमान उतरते. बर्जर व्याधीच्या रुग्णाची बोटे थंडीत निळी-काळी पडतात, आणि तो बहुधा बिडी वा सिगारेट ओढणारा असतो, ही गोष्ट परिचित आहे. सिगारचा धूर छातीत घेत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समजही चुकीचा आहे. तिचा धूर क्षारधर्मी असल्याने निकोटिन मुखातूनच शोषले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिगारचा संबंध मुख, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी स्पष्टपणे जोडला आहे. काही मोठ्या सिगारींत सिगारेटच्या संपूर्ण पाकिटाएवढा तंबाखू असतो.

वनौषधींची सिगारेट

येथपर्यंत बहुतेक वैद्यबंधू सहमत होतील. खरा मतभेद पुढे आहे. तंबाखू काढून टाकला, तुळस, दालचिनी, ज्येष्ठमध घातले, तर हरकत काय?

हरकत ही की, ज्वलन हे ज्वलनच असते. कोणतीही वनस्पती जाळून तिचा धूर ओढला की कार्बन मोनॉक्साईड आणि डांबरासारखा चिकट अंश फुप्फुसात जातो. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००० साली वनौषधी सिगारेटच्या उत्पादकाविरुद्ध याच कारणास्तव कारवाई केली आणि तंबाखू नसला तरी धूर घातक आहे, अशी सूचना जाहिरातीत देणे बंधनकारक केले. आपल्याकडील २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने कायद्यात धूम्रपानाची व्याख्याच तंबाखूपुरती आहे. त्यामुळे तंबाखूरहित सिगारेटला त्या कायद्याची चित्रमय सूचना लागू होत नाही. कायद्याने मोकळी ठेवलेली ही जागा व्यवसायाच्या विवेकाने भरून काढावी लागेल.

दुसरा धोका सामाजिक आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले, परंतु धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. आपल्या विदर्भात खर्रा हे मुख्य व्यसन आहे. ज्या समाजात ओढणारे थोडे आहेत, तेथे 'आयुर्वेदिक' नावाची सिगारेट धूम्रपान सोडविण्याऐवजी ते शिकविण्याचेच काम अधिक करील, ही भीती अनाठायी नाही.

आपल्या घरातील प्रश्न

धूमवर्तीच्या चिकित्सेतील वापराविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. तमकश्वासात हरिद्रादि धूमवर्ती आजही दिली जाते. तिच्या मूळ पाठात हरिद्रा, तमालपत्र, एरंडमूळ, लाक्षा, देवदार, जटामांसी यांच्यासोबत मनःशिला व हरिताल आहेत. ही दोन्ही द्रव्ये सोमलाची संयुगे आहेत. ती जाळली असता सोमलाचे विषारी ऑक्साईड आणि गंधकाचा तीव्र वायू निर्माण होतो. तो वायू श्वासरुग्णाच्या श्वसनमार्गाचा संकोच घडवितो. शोधनानंतरही ही द्रव्ये सोमलयुक्तच राहतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई (१) मध्ये दोन्हींचा समावेश आहे, तो उगीच नव्हे.

दुसरे असे की, श्वासचिकित्सेच्या त्याच अध्यायात रज व धूम ही श्वासाची निदाने म्हणून आली आहेत. मग तेथेच धूम चिकित्सा कशी? उत्तर क्रमात आहे. स्नेहन, स्वेदन व वमन झाल्यावर लीन दोष शेष राहिल्यास तो धूमाने काढावा, असा तो क्रम. वमन न देता, कफ न सोडविता पहिल्याच भेटीत वर्ती हाती देणे म्हणजे निदानाचीच पुनरावृत्ती करणे होय.

मग धूमपान चिकित्सेतून पूर्णपणे वर्ज्य करावे काय? माझे मत तसे नाही. नस्योत्तर कर्म म्हणून, निवडक कफज विकारांत, वैद्याच्या समक्ष, मोजक्या दिवसांसाठी, सोमलरहित द्रव्यांचा धूम योग्य नेत्रातून देणे हे शास्त्रसंमत आहे, आणि त्याचे परिणाम नोंदविले गेले तर ते संशोधनासही उपकारक ठरेल. त्यापलीकडे मात्र पाऊल टाकू नये.

काय करावे?

वैद्यांनी धूमवर्ती घरी नेण्यासाठी लिहून देऊ नये; ती दवाखान्यातील कर्मातच ठेवावी. श्वास, हृद्रोग, गर्भावस्था व अठरा वर्षांखालील वय येथे ती टाळावी. बिडी सोडू इच्छिणाऱ्या रुग्णास वनौषधी सिगारेट हा पर्याय सुचवू नये, कारण हात आणि ओठ यांची सवय त्याने मोडत नाही. त्याऐवजी लवंग वा बडीशेप चघळण्यास द्यावी, कोमट तिळतेलाचा गंडूष सांगावा आणि नियमित भेटीस बोलवावे.

औषधी विक्रेत्यांनी वनौषधी सिगारेट दर्शनी फळीवर मांडू नये, मागणाऱ्याचे वय विचारावे, आणि मनःशिला-हरितालयुक्त वर्ती वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. एक पाकीट कमी विकल्याने दुकानाचे फारसे बिघडत नाही; 'आयुर्वेदिक' या शब्दावरचा विश्वास गेला तर तुमचे आणि आमचे दोघांचेही दुकान बसते.

आणि थंडीचे काय? तिच्यासाठी आपल्या भांडारात पुष्कळ आहे. झोपण्यापूर्वी तळपायांना तिळतेलाचा अभ्यंग, आहारात बाजरी, तीळ, गूळ, जवसाची चटणी, ओलिताला जाताना सुंठ-तुळशीचा गरम काढा, सर्दीत ओव्याची पुरचुंडी, कान-डोक्याला घट्ट मफलर. शेकोटी उघड्यावर खुशाल पेटवावी. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणे मात्र प्राणघातक ठरते, हे प्रत्येक रुग्णास बजावून सांगावे. बाळ-बाळंतिणीच्या धुरीसही हीच सूचना लागू आहे : खोली मोकळी हवी, धूर मंद हवा.

येत्या हिवाळ्यात कोणी रुग्ण चरकाचा दाखला देऊन बिडीचे वा सिगारचे समर्थन करू लागला, तर त्याला रागावू नये. चरकाचा पाचवा आणि सहावा अध्याय त्याला समजावून सांगावा. ग्रंथ आपलाच आहे. त्याचा अर्थ पानटपरीवर ठरू देणे आपल्याला शोभणारे नाही. आपल्या संघटनेच्या आगामी बैठकीत धूमवर्तीच्या विक्रीविषयी सामायिक आचारनियम ठरवावेत, अशी या निमित्ताने सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधी व्यावसायिकांना नम्र विनंती आहे.