रिस्टोरची तारीख नोंदवहीत हवी

नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांतील सहाव्या नियमाने लॉग किमान एक वर्ष जपण्याचे आणि डेटा नष्ट झाला तरी काम चालू राहावे यासाठी बॅकअपसारखे उपाय योजण्याचे बंधन घातले असून ते अधिसूचनेपासून 18 महिन्यांनी लागू होणार आहे. सर्ट-इन या केंद्रीय सायबरसुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी 180 दिवसांचे लॉग व सहा तासांत घटनेची सूचना आधीच सक्तीची केली आहे. मात्र घेतलेला बॅकअप पुन्हा उभा राहतो का, म्हणजे रिस्टोर होतो का, हे यांपैकी एकही दस्तऐवज विचारत नाही, आणि रकाने भरले की अनुपालन झाले असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांना ते विचारावेसेही वाटत नाही.

वनजिल्ह्यांत ही उणीव फार महाग पडू शकते. मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर गडचिरोलीतील शेकडो ग्रामसभांकडे असे हक्क आले. या ग्रामसभांकडील तेंदूपत्त्याच्या मजुरीचे हिशेब मेच्या सुमारास वाढतात आणि त्यानंतर लगेचच पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटण्याचे दिवस येतात. तेव्हा तेथे बंद पडलेला सर्व्हर चंद्रपुराहून माणूस पाठवून दुरुस्त करता येत नाही.

तरीही स्नॅपशॉटलाच बॅकअप समजण्याची सवय सर्व्हर सांभाळण्याच्या व्यवसायातून गेलेली नाही. स्नॅपशॉट म्हणजे व्हर्च्युअल मशिनच्या डिस्कची एका क्षणाची अवस्था गोठवून पुढचे बदल वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये लिहिण्याची सोय. ती मूळ डिस्कवर अवलंबून असते व बहुधा त्याच डेटास्टोअरवर राहते, त्यामुळे डेटास्टोअर गेल्यास दोन्ही जातात. पोस्टग्रेएसक्यूएलच्या डेटा फाइली एका डिस्कवर आणि राइट-अहेड लॉग, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणारी नोंद, दुसऱ्या डिस्कवर असेल, आणि दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच क्षणी घेतलेले नसतील, तर त्यांतून उभा राहिलेला डेटाबेस विश्वासार्ह राहत नाही.

वरून आदेश येण्याची वाट पाहणाऱ्या सर्व्हर-व्यवस्थापकांनी आता तरी हातपाय हलवावेत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक डेटाबेसचा बेस बॅकअप, म्हणजे डेटा फाइलींची पूर्ण प्रत, व राइट-अहेड लॉगचा संग्रह दुसऱ्या गावी पोहोचवावा, नेटवर्कपासून तोडलेल्या व्हर्च्युअल मशिनवर तो रिस्टोर करावा, मुख्य तक्त्यांतील नोंदींची संख्या व रकमांच्या बेरजा मूळ डेटाबेसशी ताडून पाहाव्यात, आणि तारीख व लागलेला वेळ नोंदवहीत लिहून त्यावर कार्यालयप्रमुखांची सही घ्यावी. सही द्यायला टाळाटाळ झाली, तर तीही लेखी नोंदवावी. मजुराच्या घामाचा हिशेब राखणाऱ्याचे तेवढे कर्तव्य आहेच.