चाव्या दिल्यानंतरचा कारभार

नारळी पौर्णिमेला वरळी कोळीवाड्यातून दर्याकडे मिरवणूक निघते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपलेली असते, होड्यांना नवा रंग चढलेला असतो, जाळी नीट झालेली असतात. बंदीच्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात आणखी एक डागडुजी चालते, ती घरांची. खारा वारा सिमेंटच्या आत शिरतो, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे खाली येऊ लागतात. चारचाकी जाऊ शकत नाही अशा गल्लीतून रेती-सिमेंट हातगाडीवरून किंवा डोक्यावरून आणायचे, फुटलेला पत्रा बदलायचा, भिंतीवर ताडपत्री ताणायची, आणि हे करताना पालिकेची नोटीस तर येणार नाही ना, ही धास्ती मनात ठेवायची. सणाच्या आठवड्यात आम्ही सणाऐवजी घरांविषयी लिहीत आहोत, कारण कोळीवाड्यातला सण ज्या दारांतून बाहेर पडतो त्या दारांचाच हिशेब सरकारदरबारी अजून लागलेला नाही.

ऑगस्ट महिन्याशी वरळीचे आणखी एक नाते जुळले आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. हा आनंद खरा होता आणि त्यात आम्हीही सहभागी होतो. पण सरकारी गृहनिर्माण संस्थेची परीक्षा चावीवाटपाच्या दिवशी होत नाही. पुढच्या सोमवारी कार्यालय उघडते, खिडकीपुढे रांग लागते, त्या दिवसापासून ती सुरू होते. वारसाचे नाव लावणे, भाडेपावती देणे, गळतीच्या तक्रारीवर अभियंता पाठवणे, उद्वाहकाच्या कराराचे वेळेत नूतनीकरण करणे, संक्रमण शिबिरातल्या गाळ्यात आज कोण राहते याची नोंद अद्ययावत ठेवणे, हे ते काम. त्याचे फोटो निघत नाहीत आणि कोनशिलाही बसत नाही. मुंबईतल्या लाखो माणसांचे घर राहते की जाते, ते मात्र याच कामावर ठरते.

बीडीडी चाळींचाच इतिहास पाहा. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. एका चाळीत ऐंशी खोल्या. त्याच दशकात युरोपात व्हिएन्नाची नगरपालिका कामगारांसाठी घरे बांधत होती. १९३० मध्ये खुला झालेला तिथला कार्ल मार्क्स होफ आजही नांदता आहे. त्या शहराच्या मालकीची दोन लाखांहून अधिक घरे आहेत आणि त्यांची देखभाल हा तिथल्या पालिकेचा रोजचा व्यवहार आहे. आपल्या चाळी शंभरी गाठताना पाडाव्या लागल्या. खोल्या लहान होत्या, संडास सामाईक होते, त्यामुळे त्या कधीतरी बदलाव्याच लागल्या असत्या. पण सज्जे झिजत गेले, नळ फुटत राहिले आणि दुरुस्तीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, हेही तितकेच खरे आहे.

दक्षिण आणि मध्य मुंबईतील खासगी जुन्या इमारतींची कथा याहून वेगळी नाही. इमारती कोसळून माणसे मरू लागली तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्तीचा कायदा आला. मालमत्ता कराबरोबर उपकर घ्यायचा आणि त्या पैशांतून दुरुस्ती मंडळाने डागडुजी करायची, अशी ती योजना. तेव्हा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती आणि त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. ५ डिसेंबर १९७७ रोजी म्हाडा ही राज्याची गृहनिर्माण संस्था अस्तित्वात आली आणि दुरुस्ती मंडळ तिच्या छत्राखाली गेले. दर पावसाळ्याआधी हे मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. २०२५ च्या यादीत ९६ इमारती होत्या.

गिरगाव, परळ, लालबागमध्ये अशा इमारतींत लाकडी किंवा लोखंडी टेकू लावलेले दिसतात. तात्पुरते म्हणून लावलेल्या टेकूला वर्षे उलटतात. घरातली माणसे त्याला वळसा घालून ये-जा करायला शिकतात, त्याच्याशेजारी चपलांचे कपाट ठेवतात, गणपतीत त्यालाच रोषणाईची माळ गुंडाळतात. टेकू लावायला माणूस येतो, तो काढून खांब नवा करायला कोणी येत नाही. मग एके दिवशी रिकामी करण्याची नोटीस येते आणि कुटुंब प्रतीक्षा नगर, कन्नमवार नगर किंवा गोरेगावच्या संक्रमण शिबिरात जाते. तिथे जन्मलेल्या मुलांची लग्ने तिथेच होतात. मूळ इमारत पडलेली, भूखंड लहान किंवा आरक्षित म्हणून ती पुन्हा उभी न राहिलेली. अशा कुटुंबांना कायमचे घर देण्यासाठी बृहतसूची आहे. त्या सूचीत नाव यावे म्हणून अस्तित्वातच नसलेल्या घरात आपण राहत होतो, हे सिद्ध करायचे. जुनी भाडेपावती, शिधापत्रिका, वडिलांचा मृत्यूचा दाखला, भावंडांचे नाहरकत प्रतिज्ञापत्र. यातला एक कागद पुराच्या पाण्यात गेला असेल तर हक्कही गेला. खरे तर यातल्या बहुतेक नोंदी सरकारच्याच कुठल्या ना कुठल्या दप्तरात असायला हव्यात. आपली वही सरकारने नीट ठेवली असती, तर रहिवाशाला पिशवीभर कागद घेऊन वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनाचे मजले चढावे लागले नसते.

आता कोळीवाडा. वरळीच्या एका बाजूला म्हाडा चाळीस मजली इमारती बांधते आहे, जवळच्या वस्त्यांत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजना चालू आहेत. या सगळ्यांच्या आधीचा कोळीवाडा मात्र कुठल्याच खान्यात नीट बसवला गेलेला नाही. वरळी हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. इथला किल्ला इंग्रजांनी बांधला, त्याही आधी इथे कोळ्यांची घरे होती. अशा गावाचा काही भाग झोपडपट्टी म्हणून घोषित करण्याच्या हालचाली झाल्या तेव्हा रहिवासी विरोधात उभे राहिले. तो विरोध निव्वळ भावनेचा होता, असे समजणाऱ्यांनी कायदा वाचावा. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली एखादा भाग पुनर्वसन क्षेत्र ठरला की तिथल्या प्रत्येक घराचे झोपडी म्हणून सर्वेक्षण होते. पात्रतेची यादी म्हणजे परिशिष्ट-२ तयार होते. त्यात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते आणि मिळते ते ३०० चौरस फुटांचे घर. शेकडो वर्षांच्या गावाने आपण सन २००० च्या आधीपासून इथे आहोत याचा पुरावा द्यायचा, आणि त्या बदल्यात आपल्या जमिनीवरचा हक्क सोडायचा! कोणत्याही गावाने हे मान्य करू नये.

कोळ्याचे घर चार भिंतींत संपत नाही, हेही या सर्वेक्षणाला दिसत नाही. ओट्यावर बर्फाची पेटी, कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग आणि वल्ही, दाराशी डिझेलचे कॅन, भिंतीला टेकवून ठेवलेले इंजिन. पहाटे माल येतो तेव्हा घरातल्या बायका याच ओट्यावर मासळी निवडतात आणि टोपल्या भरून बाजाराला निघतात. मासळी सुकवायची, जाळी पसरायची, होडी ओढून ठेवायची जागा नकाशावर मोकळी दिसते म्हणून ती रिकामी ठरत नाही. विसाव्या मजल्यावरच्या ३०० चौरस फुटांत यातले काय ठेवायचे, याचे उत्तर आजवर कोणत्याही योजनेने दिलेले नाही.

कोळीवाड्याला विचारले नाही तर काय होते, याचा धडा सागरी किनारा रस्त्याने दिला आहे. वरळीजवळच्या पुलाच्या खांबांमध्ये सुरुवातीला ६० मीटर अंतर ठेवले होते. भरतीत आणि वाऱ्यात या अंतरातून होडी काढणे जिवावर बेतेल, हे कोळी पहिल्यापासून सांगत होते. आंदोलने झाली, काम अडले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये अंतर १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. कोळ्यांची मागणी याहून अधिक होती, तरी त्यांचे म्हणणे चूक नव्हते हे यातून मान्यच झाले. आधीच बंदरावर येऊन तांडेलांशी बोलले असते, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते. घरांच्या बाबतीत हीच चूक पुन्हा होऊ नये.

कायद्याचा आधारही आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाडे स्वतंत्रपणे नकाशावर दाखवावेत आणि तिथल्या घरांचे बांधकाम व पुनर्बांधणी स्थानिक नगररचना नियमांनुसार व्हावी, अशी तरतूद होती. म्हणजे आधी सीमा ठरवायची, मग नियम लावायचा. मुंबईची विकास नियंत्रण नियमावली २०१८ मध्ये लागू झाली. कोळीवाडे आणि गावठाणांसाठी स्वतंत्र, पुरेशी आणि लागू करता येईल अशी नियमावली मिळावी, ही मागणी तरीही सुटलेली नाही. सीमांकन जिल्हाधिकाऱ्यांचे, परवानगी पालिकेची, झोपडपट्टीची घोषणा प्राधिकरणाची. एक कार्यालय फोर्टात जुन्या जकातघरात, दुसरे ना. म. जोशी मार्गावर, तिसरे वांद्र्यात. मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईने यांतल्या एका खिडकीवर सकाळ घालवली की त्या दिवसाचा बाजार बुडतो.

कोळीवाड्यात सगळ्यांचे मत एकच आहे, असा दावा आम्ही करणार नाही. कुटुंबे वाढली, घरांवर मजले चढले, भाडेकरूही आले. २०२० च्या मार्चअखेरीस करोनामुळे कोळीवाडा सील झाला तेव्हा दाटीचे आणि सामाईक शौचालयांचे हाल साऱ्या शहराने पाहिले. काही तरुणांना पुनर्विकास हवा आहे आणि त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पण निर्णय कोणताही होवो, तो खऱ्या नकाशावर व्हावा. गावाची हद्द, प्रत्येक घराची मिळकत पत्रिका आणि मासेमारीच्या सामाईक जागा नोंदवल्याशिवाय मागितलेली संमती ही संमती नव्हे.

बीडीडीतल्या नव्या घरांबाबतही आताच जागे व्हायला हवे. पुनर्वसन इमारतींची बारा वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी म्हाडाने घेतली आहे. बारा वर्षे बघता बघता सरतील. नाममात्र भाडे भरत आलेल्या कुटुंबांना नंतर चाळीस मजली इमारतीची उद्वाहके, पंप आणि अग्निशमन यंत्रणा चालवायची आहे. त्यासाठीचा निधी आजपासून साठवला गेला पाहिजे, सोसायट्यांना हिशेब ठेवण्याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि अजून चाळीत राहणाऱ्या हजारो गाळेधारकांची वारसनोंद घराचा ताबा देण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. ही कामे कारकुनाची, कनिष्ठ अभियंत्याची, वसुली निरीक्षकाची आहेत. ती पदे भरा, त्या माणसांना मान द्या आणि त्यांच्याकडून चोख काम मागा.

कोळीवाड्यासाठी आमची मागणी याहून छोटी आहे. पावसाळा संपताच सीमांकनाचा नकाशा गोल्फादेवीच्या देवळाजवळ मराठीत लावा. दुरुस्तीच्या परवानग्यांसाठी पालिकेचा एक अभियंता आठवड्यातून एक दिवस गावातच, बाजाराची वेळ सोडून बसवा. नकाशावरच्या हरकती लेखी घ्या आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या. हे पूर्ण होईपर्यंत वरळी कोळीवाड्यातल्या एकाही घराची झोपडी म्हणून नोंद करू नका.