दोष कुणाच्या पायाचा?

या सदरात आजवर मिक्सरपासून पाण्याच्या पंपापर्यंत घरातल्या बहुतेक यंत्रांचे रडगाणे आम्ही गायिले आहे. दिवाळी अंकाचा मान म्हणून यंदा पाळी मोटारीची. शिवाय या हकिकतीत आम्हांला एक कबुलीही द्यायची आहे. ती सणासुदीला दिलेली बरी!

आमची मोटार २००३ सालची. रंग उडालेला, पण चालण्याबद्दल तक्रार नव्हती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र तिला उचक्या लागल्या. सरळ रस्त्याने संथपणे चालली असता एकदम आचका देई, क्षणभर दम तोडी आणि पुन्हा चालू लागे. नवल असे, की हे सारे घडे ते सौ. गाडी चालवीत असताना. आम्ही चाकावर बसलो, की गाडी शहाण्या बाळासारखी! साहजिकच आम्ही निदान केले, "तुझा पाय हलका नाही." चारचौघांतही एकदोनदा बोलून दाखविले.

एके दिवशी कात्रजच्या चढावर, मागे भरलेला ट्रक असताना, गाडीने असाच दम तोडला. ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून निभावले. घरी येऊन सौ.ने किल्ली खुंटीला अडकविली, ती अडकविलीच. वीस वर्षे गाडी चालविणारी बाई रिक्षाने भाजी आणू लागली. आम्ही त्यावरही एक विनोद केला. तो घरात कुणालाच आवडला नाही.

मिस्त्रींनी प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. आता पंप बदलू या म्हणू लागले. खर्च वाढला, उचकी तिथेच. अखेर वरच्या मजल्यावरचे नाना मदतीला आले. त्यांची सारी हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. आमची रड ऐकून ते म्हणाले, "अहो, तुमच्या गाडीचा व्हॉल्यूम खरखरतोय!"

त्याचा अर्थ असा. पूर्वी मोटारीत कार्ब्युरेटर असे. २००० साली धुराचे नियम देशभर लागू झाले, तसतसा नव्या मोटारींतून तो गेला आणि पेट्रोल मोजून देण्याचे काम एका छोट्या संगणकाकडे आले. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात, की इंजिनाच्या हवेच्या वाटेवरची पाकळी उघडते. ती किती उघडली हे संगणकाला सांगणारा चोपदार म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. आतून तो थेट रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणासारखा : एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा काटा. बटण रोज जिथे ठेवतो तिथेच पट्टी झिजते आणि रेडिओ खरखरतो. मोटारीतही तसेच. काटा झिजल्या जागी आला, की निरोप तुटतो. संगणकाला वाटते, चालकाने पाय उचलला. तो पेट्रोल आखडतो आणि गाडी आचका देते. इतक्या क्षणिक चुकीला समोरचा इंजिनाचा दिवा लागेलच असेही नाही.

रविवारी सकाळी नाना आपला जुना काट्याचा मीटर घेऊन खाली आले. आकड्यांच्या मीटरपेक्षा यावर क्षणाची उडी चटकन दिसते. किल्ली फिरविली, पण इंजिन चालू केले नाही. सेन्सरला तीन तारा. पहिलीवर ५ व्होल्ट येतात ना, दुसरी जमिनीला नीट जोडलेली आहे ना, हे आधी पाहिले. कारण तिथेच खोट असली, तर सेन्सर बिचारा निर्दोष! प्लगाच्या पिना पुसल्या, तारा हलवून पाहिल्या. मग तिसऱ्या, निरोपाच्या तारेवर मीटर लावला. पाकळी बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास, आणि मधला चढ अगदी सलग, असा बहुतेक गाड्यांचा हिशेब. नेमके आकडे आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहावेत.

आम्ही पेडल सावकाश दाबू लागलो. काटा चढला, ०.९ पाशी एकदम खाली कोसळला आणि पुन्हा वर आला. तीनदा केले, तीनदा तिथेच.

"आता सांगा," नाना म्हणाले, "वहिनींच्याच हातून का होई?"

उत्तर आम्हांला सुचले, पण ओठावर येईना. आम्ही पेडल धसाधस दाबणार. काटा झिजली जागा उडी मारून ओलांडी. सौ.चा पाय इतका स्थिर, की तो नेमका त्याच जागी ठरे. म्हणजे गाडी नीट चालविणारालाच गाडीचा दोष कळत होता, आणि आम्ही तो तिच्या पदरात घालीत होतो!

मिस्त्रींना मीटर दाखविला. त्यांनी प्रांजळपणे मान डोलावली आणि नवा सेन्सर बसवून बंद पाकळीचा आकडा जुळवून दिला. पंपाचा खर्च वाचला. एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी : ज्या गाड्यांत पेडलाची केबल नसून पाकळी विजेच्या मोटरने हलते, तिथे बोटे घालू नयेत. ते काम जाणत्याचे.

पाडव्याला सौ.ने ओवाळले. आम्ही तबकात साडीच्या घडीवर खुंटीवरची किल्ली ठेवली आणि चारचौघांत बोललो होतो म्हणून चारचौघांतच म्हणालो, "चूक आमची झाली."

भाऊबिजेला ती साताऱ्याला भावाकडे गेली, स्वतः गाडी चालवीत. खंबाटकीचा घाट चढून गेल्यावर मागे न पाहता म्हणाली, "झोपा आता खुशाल. पाय हलका आहे माझा."