जमाबंदीत नसलेली बिलासा

दोंरेमी गावच्या शेतकऱ्याची मुलगी जोन हिने १४२९ साली ऑर्लेआंचा वेढा उठविला, आणि दोनच वर्षांनी तिच्यावर खटला चालवून तिला जिवंत जाळण्यात आले. परंतु त्या खटल्यातील तिच्या जबान्या टिपणारे कारकून शत्रुपक्षाचे असूनही कसबी होते, म्हणूनच मार्क ट्वेनसारख्या विनोदी लेखकाला १८९६ साली तिच्यावर गंभीर कादंबरी लिहिताना तिचा स्वर कल्पनेने निर्माण करावा लागला नाही.

आमच्या छत्तीसगडातील बिलासा केवटीण हिच्यावर असा खटला झाला नाही, आणि म्हणून असे दफ्तरही तिच्या वाट्याला आले नाही. अरपा नदीच्या काठी मासेमारी करणाऱ्या केवटांच्या वस्तीतील ही मुलगी शिकारीत संकटात सापडलेल्या रतनपूरच्या कल्याणसाय राजाचे प्राण वाचविते, त्याच्या फौजेत मानाचे स्थान मिळविते आणि अखेर लढता लढता पडते, असे लोककथा सांगते. बिलासपूर हे नाव तिचेच, अशी तिकडील जनांची श्रद्धा असून तेथील विमानतळालाही आता तिचेच नाव आहे.

कल्याणसाय मात्र कागदोपत्री भक्कम आहे. जहांगीराच्या आत्मचरित्रात तो डोकावतो; आणि बिलासपूरच्या बंदोबस्ताचे काम पाहणाऱ्या चिझम साहेबाने १८६८ साली त्याच्या नावावरील ज्या जमाबंदीच्या वहीचा आधार घेतला, तीत गढांच्या महसुलाबरोबर फौजेचाही हिशेब आहे : २,००० तलवारधारी, ५,००० कट्यारधारी, ३,६०० बंदूकधारी, २,६०० तिरंदाज, १,००० घोडेस्वार आणि ११६ हत्ती. हत्तीसुद्धा मोजले गेले! बिलासा त्यांतील कोणत्या रकान्यात होती, किंवा मुळी होतीच की नव्हती, याविषयी वही मौन धरते.

सदर बाजार, तात्यापारा या वस्त्यांतून रायपुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी मंडळींना हे मौन अधिक बोचावयास हवे. कारण १७४१ साली मराठा सेनापती भास्करपंताने रतनपूर घेतल्यावर गढांचे परगणे करून त्यांवर कमाविसदार नेमणारे, आणि या मुलखाचा वसूल आपल्या दफ्तरांत चढविणारे, ते राज्य नागपूरकर भोसल्यांचेच होते. १८७१ च्या ‘मोचनगडा’पासून चालत आलेल्या आमच्या ऐतिहासिक कादंबरीने ही वह्यांची शिस्त बव्हंशी तशीच उचलली, ज्याच्या नावे सनद, त्याच्या नावे प्रकरण, असा तिचा रिवाज पडला. ‘स्वामी’सारखी कादंबरी त्या रिवाजाचे वैभव होय, हे मी सानंद मान्य करीन, पण वैभवालाही कुंपण असते.

बिलासेवर मराठीत कादंबरी व्हावी, असे माझे मत आहे. मात्र ती राजकन्येचा पोशाख चढवून नव्हे. पुरावा नसेल तेथे लेखक दरबार, खलबते आणि तेजस्वी संवाद भरतो, कारण त्यांचा साचा तयार असतो. जाळे विणणे, पुरात नाव घालणे, पाण्याचा ठाव काठीने घेणे, श्वापदाची चाहूल ओळखणे हे कष्टाचे ज्ञान मात्र त्याला अरपेकाठच्या केवटांकडे जाऊन शिकावे लागेल, आणि एका केवटिणीच्या हाती भाला कसा आला याचे विश्वसनीय उत्तर मिळालेच, तर त्या ज्ञानातूनच मिळेल. लोककथा तिला कल्याणसायाबरोबर दिल्लीसही नेते. तो प्रसंग माझ्या हाती असता तर मी गाळला असता.