‘सातांच्या सत्तर वेळा’ म्हणण्याआधी



आमच्या कॉयरमधली एक खुर्ची ईस्टरपासून रिकामी आहे. तिथे बसणारी मुलगी आजारी नाही, बेळगाव सोडूनही गेलेली नाही. तिचा साखरपुडा मोडला आणि महिन्याभरात तिच्या इन्स्टाग्रामवरून, तिच्याच नावाने, नातेवाइकांना घाणेरडे मेसेज जाऊ लागले. तिचे खाजगी फोटो तिच्या कामाच्या ठिकाणी पोहोचले. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. काही तपशील बदलले आहेत.)

हे करणारा कुणी परदेशात बसलेला हॅकर नव्हता. तो दर रविवारी मिस्साला दुसऱ्या रांगेत असतो. तिचा नवा फोन त्यानेच सुरू करून दिला होता, जीमेलही त्यानेच उघडून दिले होते, आणि तिचे व्हॉट्सअॅप तेव्हापासून त्याच्या लॅपटॉपवर चालूच होते. पासवर्ड सांगणे म्हणजे प्रेमाचा पुरावा, असे हल्ली आपल्या मुलामुलींना वाटते. आपणही त्यांना कधी टोकत नाही.

तिची आई आम्हा चार-पाच जणांकडे आली. आम्ही काय सांगितले? “पोलिसांत जाऊ नका. तोही आपलाच मुलगा आहे. त्याची नोकरी जाईल. प्रार्थना करा, क्षमा करा.” मी ‘आम्ही’ म्हणते, कारण त्या बैठकीत मीही होते. मी बोलले काहीच नाही, मान मात्र डोलावली. म्हणून आज जे लिहिते आहे ते माझ्याही विरुद्ध आहे.

क्षमेचे वचन आपण मत्तयाच्या १८ व्या अध्यायातून काढतो. पेत्र विचारतो आणि येशू सातांच्या सत्तर वेळा सांगतो, ते २२ वे वचन. पण त्याच पानावर थोडे वर, १५ ते १७ या वचनांत, येशू काय सांगतो? अपराध करणाऱ्या भावाला एकट्याने भेटून त्याचा अपराध दाखव. ऐकले नाही तर दोघा-तिघांना साक्षीला घे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला बाहेरचा समज. आणि त्याच्याही वर, लहानांना अडखळण आणणाऱ्याच्या गळ्यातली जात्याची तळी आहे. आम्ही मुलीला २२ वे वचन वाचून दाखवले. त्या मुलाला १५ वे कुणी वाचून दाखवले? कुणीच नाही. त्याच्या घरची पायरीसुद्धा कुणी चढले नाही.

ही आपली जुनी खोड आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या १३ व्या अध्यायात तामारवर तिच्याच घरातला माणूस अत्याचार करतो. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो, कारण अपराधी भाऊच आहे. दावीद राजा संतापतो, पण करत काहीच नाही. पुढे दोन वर्षांनी त्या घरात खून पडतो. गप्प बसवल्याने कुटुंब वाचले, असे पवित्र शास्त्र कुठेही सांगत नाही.

कुणी म्हणेल, पोलिसांत गेले तर क्षमा कुठे उरली? पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी त्यांनी हल्लेखोराला जाहीर क्षमा केली आणि १९८३ च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन ते त्याच्याजवळ बसले. हल्लेखोर मात्र २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. क्षमा आणि शिक्षा एकाच वेळी चालू होत्या. आपल्या धर्मशिक्षणातही स्पष्ट आहे की पापक्षमा मिळाली तरी केलेले नुकसान भरून द्यायचे असते, आणि त्यात दुसऱ्याची घालवलेली अब्रूही येते. जक्कयने चौपट परत करीन म्हटले, तेही स्वतःहून. आपल्या दुसऱ्या रांगेने अजून पासवर्डसुद्धा परत केलेला नाही.

आणखी एक गोष्ट सांगताना लाज वाटते. तिच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आपल्याच एका ग्रुपवर ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून फिरला. ती प्रार्थना नव्हती, छळाला लावलेला हातभार होता.

कायदा या गोष्टीला खोडसाळपणा मानत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येते. बेळगावात यासाठी सीईएन पोलीस ठाणे आहे, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार देता येते, आणि पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा.

कुणी तुमच्याकडे रडत आले तर मेसेज पुसायला सांगू नका. आधी तारीख आणि प्रोफाइल दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायचे, ब्लॉक नंतर. मग त्या माणसाचा हात न लागलेल्या फोनवरून पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदलायचा, कारण बाकीच्या सगळ्या किल्ल्या तिथेच असतात. रिकव्हरीसाठी नंबर कुणाचा दिला आहे तेही पाहायचे. आमच्या मुलीच्या खात्यावर त्याचाच होता. व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी सगळे लॉगआउट करायचे. तो माणूस घरातलाच किंवा मारहाण करणारा असेल तर मात्र हे करण्याआधी तिच्या राहण्याची सोय बघा, कारण दार बंद झाल्याचे त्याला लगेच कळते.

मागच्या आठवड्यात त्या मुलीने तक्रार दिली. सोबत मी गेले होते. ठाण्याच्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. तिने मध्येच विचारले, “आंटी, त्या दिवशी तुम्ही पण होता ना?”

मी हो म्हटले. मग तिचे नाव पुकारले आणि आम्ही आत गेलो.